माहितीपत्रक बाजूला ठेवा, वेळापत्रक मागा

तासगावच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी बारावी सायन्सला 74 टक्के मिळवून पास झाली. संख्याशास्त्र घ्यायचं तिच्या डोक्यात पक्कं आहे, पण अर्थशास्त्राचीही ओढ आहे. घरच्या द्राक्षबागेचा औषधांचा आणि मजुरीचा हिशेब तीच ठेवते. समोर तीन पर्याय आहेत. सांगलीतलं अनुदानित कॉलेज, साताऱ्याचं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ आणि पुण्याजवळचं एक खासगी विद्यापीठ. खासगीवाल्यांचे समुपदेशक म्हणतात, "आमच्याकडे हवा तो मेजर, हवा तो मायनर. एक वर्ष करून बघा, नाही जमलं तर क्रेडिट घेऊन कुठंही जा." (मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, क्रेडिट म्हणजे शिकलेल्या तासांचं माप.) हे कितपत खरं, आणि कुठली रचना मुलीला मानवेल हे घरात कुणी कॉलेजला न गेलेल्या माणसांनी ओळखायचं कसं?

ताई, मी सांगलीत संख्याशास्त्रच शिकवलं आणि काही वर्षं अभ्यासमंडळावर होतो. म्हणजे अभ्यासक्रमाचे हे तक्ते जिथं तयार होतात त्या टेबलाशी बसलेलो आहे. त्यावरून सांगतो: कागदावरची रचना तुमच्या तिन्ही पर्यायांत जवळपास सारखीच निघेल. फरक असतो तो आठवड्याच्या वेळापत्रकात, परीक्षेच्या नियमांत, आणि वर्गात शिकवायला माणूस आहे की नाही यात. माहितीपत्रकात यातलं काहीच नसतं.

कागद सारखा असण्याचं कारण सरळ आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये आलं. त्यावर राज्य शासनाने 20 एप्रिल 2023 ला निर्णय काढून पदवीचा सांगाडा ठरवून दिला. स्वायत्त महाविद्यालयांत तो 2023-24 पासून लागू झाला, संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून. तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला 160 ते 176. एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात थिअरीचे 15 तास किंवा प्रॅक्टिकलचे 30 तास. निम्मे तरी क्रेडिट मेजर विषयाचे, 18 ते 20 मायनरचे, 10 ते 12 ओपन इलेक्टिव्हचे, म्हणजे दुसऱ्या शाखेतल्या ऐच्छिक विषयांचे, आणि उरलेल्यांत भाषा, कौशल्य, भारतीय ज्ञान प्रणाली, इंटर्नशिप वगैरे. खासगी विद्यापीठाचा चकचकीत तक्ता उघडा, हेच रकाने इंग्रजीत दिसतील. तेव्हा "आमच्याकडे मेजर-मायनर आहे" या वाक्याला सध्या तरी काही किंमत नाही. तो आता सगळीकडेच आहे.

आता तुमच्या मुलीचा खरा मुद्दा. तिला संख्याशास्त्राबरोबर अर्थशास्त्र हवंय. ते तिला मायनर म्हणून मिळणार की ओपन इलेक्टिव्ह म्हणून, हा सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न. दोन्हींना लोक बोलताना "दुसरा विषय" म्हणतात आणि तिथंच फसगत होते. ओपन इलेक्टिव्ह म्हणजे एका सत्रात बहुधा 2 क्रेडिट, म्हणजे 30 तास. त्यात मागणी-पुरवठ्याची तोंडओळख होते, बस. मायनरचे 20 क्रेडिट धरले तर थिअरीचे 300 तास. त्यात सूक्ष्म अर्थशास्त्र, स्थूल अर्थशास्त्र, भारताची अर्थव्यवस्था असं काहीतरी अंगाला लागेल एवढं शिकून होतं. उद्या तिला पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी अर्थशास्त्रातल्या एमएस्सीचा विचार करायचा झाला, तर या 300 तासांचा उपयोग आहे. 30 तासांचा नाही.

शासनाच्या सांगाड्यात मायनर दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यायला मुभा आहे. पण मुभा असणं वेगळं आणि सोमवारी सकाळी तास होणं वेगळं. म्हणून वेळापत्रक मागा. चालू वर्षाचं, दुसऱ्या वर्षाच्या वर्गाचं, नोटीस बोर्डावर लावलेलं. त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि घरी निवांत बघा. समजा त्यात संख्याशास्त्राचं प्रॅक्टिकल मंगळवारी आणि गुरुवारी 11 ते 3 आहे, आणि आर्ट्सकडचा अर्थशास्त्राचा तास त्याच मंगळवारी-गुरुवारी 12 ला. मग सायन्सच्या मुलीला अर्थशास्त्र मायनर "उपलब्ध" आहे, पण घेता येत नाही. विभागप्रमुख अशा वेळी हसून सांगतात, "त्यापेक्षा गणित घे, सगळे तेच घेतात." सगळे तेच घेतात, कारण वेळापत्रक तेवढंच घेऊ देतं. ओपन इलेक्टिव्हची यादी वीस विषयांची असते आणि प्रत्यक्षात तीन चालतात. बाकीच्यांना किमान विद्यार्थिसंख्या भरत नाही. यादी विचारू नका. "गेल्या सत्रात कुठले चालले आणि प्रत्येकात किती मुलं होती" असं विचारा.

साताऱ्याच्या विद्यापीठाबद्दल याच ठिकाणी एक सांगायला हवं. ते समूह विद्यापीठ आहे. रयत शिक्षण संस्थेची साताऱ्यातली तीन महाविद्यालयं, म्हणजे विज्ञानाचं यशवंतराव चव्हाण, वाणिज्याचं धनंजयराव गाडगीळ आणि जुनं छत्रपती शिवाजी कॉलेज, एकत्र येऊन ते बनलं. कल्पना मला आवडते. एकाच गावात विज्ञान, वाणिज्य आणि कला, तीही एकाच विद्यापीठाखाली: तुमच्या मुलीसारखीसाठीच ती केल्यासारखी वाटते. पण कॉलेजं तीन आहेत, एका इमारतीतले तीन मजले नव्हेत. म्हणून तिथं गेलात की हेच विचारायचं: विज्ञानाची मुलगी अर्थशास्त्राच्या तासाला कुठे जाऊन बसते, मधे किती वेळ मिळतो, आणि आज अशा किती मुली जाऊन बसतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकून घ्या. बाकीची आपोआप कळतील.

मेजर कधी ठरवायचा हेही विचारा. काही ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय बरोबरीने घेता येतात आणि मेजर दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला निवडायचा असतो. काही ठिकाणी प्रवेशाच्या अर्जावरच मेजरचा रकाना भरून घेतात. तुमच्या मुलीचा एक विषय पक्का आहे म्हणून तिला फारसा फरक पडणार नाही, पण ज्यांचं पोर "फिजिक्स की केमिस्ट्री की काहीच नाही" अशा अवस्थेत आहे त्यांनी पहिला प्रकारच शोधावा. या बाबतीत पुण्याचं आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षणाची केंद्रीय संस्था, वेगळ्या टोकाला आहे. तिथल्या बीएस-एमएस अभ्यासक्रमात सुरुवातीला सगळ्यांना सगळी विज्ञानं शिकावी लागतात आणि मग आपापली वाट धरायची. ज्याला जीवशास्त्र बघवत नाही त्याला ते वर्ष जड जातं, ज्याला अजून काहीच ठरवायचं नाही त्याला तेच वरदान.

पुढचा प्रश्न: पेपर कोण काढतं आणि पदवी कोण देतं? सांगलीतलं संलग्न कॉलेज म्हणजे अभ्यासक्रम, पेपर, निकाल, सगळं शिवाजी विद्यापीठाचं. 1962 पासून कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांची मोट या विद्यापीठाने बांधलेली आहे. याचे तोटे सगळ्यांना माहीत आहेत: अभ्यासक्रम बदलायला वेळ लागतो, निकालाची वाट बघावी लागते, आणि तुमच्या प्राध्यापकाने वर्गात काय शिकवलं याच्याशी पेपर काढणाऱ्याला देणंघेणं नसतं. पण फायदेही आहेत आणि ते कुणी सांगत नाही. मागच्या प्रश्नपत्रिका मिळतात. इस्लामपूरच्या मैत्रिणीच्या नोट्स तासगावला चालतात. आणि घरच्या अडचणीने कोल्हापूरला जावं लागलं तर तिकडचा अभ्यासक्रम तोच असतो.

स्वायत्त कॉलेजात अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजची, पदवी विद्यापीठाची. सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय तसं आहे. शिकवणारा, पेपर काढणारा आणि तपासणारा एकाच छताखाली असतो. चांगल्या विभागात यामुळे अभ्यासक्रम ताजा राहतो. सुस्त विभागात परीक्षेआधी "महत्त्वाचे प्रश्न" वाटले जातात आणि सगळ्यांना 10 पैकी 8.5 च्या वर ग्रेड गुण मिळतात, ज्याकडे पुढे एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेत कुणी ढुंकून बघत नाही. कुठला विभाग कसा आहे हे ओळखायला अभ्यासमंडळाच्या सभांची इतिवृत्तं बघा. बरीच स्वायत्त कॉलेजं ती आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. गेल्या तीन वर्षांत अभ्यासक्रमात नेमकं काय बदललं हे तिथं दिसतं. फक्त पेपरचे क्रमांक बदललेले दिसले तर समजून जा.

खासगी आणि अभिमत विद्यापीठं स्वतःच पदवी देतात. राज्याच्या कायद्याने झालेल्या खासगी विद्यापीठाची पदवी ग्राह्य असते, त्याबद्दल उगाच शंका नको. शंका घ्यायची ती पदवीच्या नावावर. बीएस्सी संख्याशास्त्र म्हटलं की नोकरीच्या जाहिरातीतला कारकूनही ओळखतो. "डिसिजन सायन्स", "बिझनेस अॅनालिटिक्स" असं काही लिहिलेलं असलं की समकक्षतेचं प्रमाणपत्र आणायला फेऱ्या सुरू होतात. केंद्राची भारतीय सांख्यिकी सेवा आहे, यूपीएससी तिची परीक्षा घेते. तिथं पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय असावा लागतो. गुणपत्रिकेवर विषयाचं नाव स्वच्छ लिहून येतं का, हे नमुना गुणपत्रिका मागून बघा. मागितली की देतात. दिली नाही तर तीही एक माहितीच.

आता परीक्षेची पद्धत, जिच्याकडे पालक सहसा बघतच नाहीत. कुठं 80 गुण सत्राअखेरच्या परीक्षेला आणि 20 अंतर्गत, कुठं 60-40, कुठं निम्मे-निम्मे. तुमची मुलगी तासगावहून येऊन-जाऊन करणार असेल तर सांगलीपर्यंत 25 किलोमीटरच आहेत, पण ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत घरात कुणालाच उसंत नसते, आणि हिशेब तिच्याकडे आहे. सतत मूल्यमापनाच्या पद्धतीत दर पंधरा दिवसांनी चाचणी, सादरीकरण, गृहपाठ असतो. एक चाचणी चुकली की ते गुण गेले. तिथं रोज थोडं थोडं करणारी, हजेरी न चुकवणारी मुलं फुलतात. उलट 80-20 मध्ये शेवटच्या तीन आठवड्यांत मान मोडून बसणाऱ्या मुलांचं निभतं. आपलं पोर कुठल्या जातीचं आहे हे तुमच्याएवढं कुणाला माहीत नाही. दहावी-बारावीला ती कशी अभ्यास करत होती ते आठवा. आणि खासगी विद्यापीठात राहायला जाणार असेल तर बागेचा हिशेब दुसऱ्याकडे द्यावा लागेल, हे घरात आत्ताच बोलून ठेवा. नोव्हेंबरात फोनवर नको.

नियमावलीतल्या तीन ओळी मात्र बोट ठेवून वाचा. अंतर्गत आणि सत्र परीक्षेत स्वतंत्र पास व्हावं लागतं, की एकत्रित? एटीकेटी घेऊन, म्हणजे काही विषय राहिलेले असताना, पुढच्या वर्षात जायला किती विषयांची किंवा क्रेडिटची मर्यादा? राहिलेल्या विषयाची परीक्षा पुढच्या सत्रात होते की वर्षाने? माझ्या पाहण्यात, हुशार पोरांचं वर्ष बुडतं ते विषय अवघड होता म्हणून कमी आणि या तीन ओळी कुणी वाचल्या नव्हत्या म्हणून जास्त.

"एक वर्ष करून बघा, क्रेडिट घेऊन कुठंही जा" याचं उत्तर: अर्धं खरं. अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये तिचे क्रेडिट जमा होतात आणि सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात, हे बरोबर. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडून प्रमाणपत्र घेता येतं, हेही बरोबर, पण त्यासाठी वर्षाच्या 40 ते 44 क्रेडिटवर आणखी 4 क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते. बाहेर पडल्यावर तीन वर्षांच्या आत परत यायचं आणि एकूण सात वर्षांत पदवी संपवायची. जे सांगत नाहीत ते असं: क्रेडिट खात्यात आहेत म्हणून दुसऱ्या विद्यापीठाने दुसऱ्या वर्षात जागा दिलीच पाहिजे असं बंधन नाही. जागा रिकामी हवी, आणि पहिल्या वर्षात जे शिकलं ते तिकडच्या पहिल्या वर्षाशी जुळायला हवं. बँकेत पैसे आहेत म्हणून एसटीत सीट मिळत नाही, तसंच. समुपदेशकाला विचारा, "गेल्या वर्षी तुमच्याकडून कितीजण क्रेडिट घेऊन शिवाजी विद्यापीठात किंवा पुणे विद्यापीठात गेले?" आकडा आला तर उत्तम.

चौथ्या वर्षाचंही तसंच. संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात, आणि विभागात पीएच.डी.चे मार्गदर्शक असावे लागतात. पुढे पदव्युत्तर पदवी एका वर्षात होते, ही मोठी सोय आहे. पण ज्या कॉलेजात संख्याशास्त्राची पदव्युत्तर शाखाच नाही, तिथं चौथं वर्ष चालेल कसं? तिसऱ्या वर्षानंतर तिला कुठं जावं लागेल हे आत्ताच विचारून ठेवा.

माणसांबद्दल मी थोडं जास्तच बोलेन, कारण रचनेतली सगळ्यात कच्ची जागा हीच आहे. आपल्याकडच्या अनुदानित कॉलेजांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या आणि त्या तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांनी, म्हणजे सीएचबीवाल्यांनी, भरून काढल्या जातात. त्यात फार चांगले शिक्षक आहेत, काही तर कायम असलेल्यांपेक्षा चांगले. पण त्यांची नेमणूक व्हायला कधीकधी सत्र सुरू होऊन महिना उलटतो. 4 क्रेडिटच्या पेपरला 60 तास, म्हणजे 15 आठवडे, आठवड्यातले चार दिवस रोज एक तास. त्यातला महिना गेला की 44 तासांत 60 तासांचा अभ्यासक्रम उरकायचा. संख्याशास्त्रात पहिल्या सत्रातली संभाव्यता कच्ची राहिली की तिसऱ्या सत्रातलं काहीच कळत नाही. खासगी विद्यापीठात दुसरी तऱ्हा: शिक्षक वेळेवर येतात, पण दोन वर्षांत सोडून जातात. म्हणून दोन्हीकडे विभागात जाऊन विचारा: पूर्णवेळ किती, त्यातले तीन वर्षांपेक्षा जास्त काळ असलेले किती, पहिल्या वर्षाला कोण शिकवतं. प्राचार्यांना नका विचारू. विभागातल्या प्रयोगशाळा सहायकाला विचारा, तो सगळं सांगतो.

भाषेचं एका ओळीत: मुलगी मराठी माध्यमातून किंवा सेमीतून आली असेल तर जिथं मूल्यमापनात सादरीकरणाला जास्त गुण आहेत तिथं पहिलं सत्र तिला जड जाईल, दुसरं जाणार नाही. एवढ्यासाठी कुठलाही पर्याय खोडू नका.

फीचा विचार रचनेच्या बाहेरचा वाटतो, पण तसा नाही. राज्य शासनाने 2024 मध्ये ठरावीक प्रवर्गांतल्या आणि उत्पन्न मर्यादेत बसणाऱ्या मुलींच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, त्यातून खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळली आहेत. बीएस्सीला तो निर्णय थेट लागू नसला तरी उद्या बेत बदलून ती बीसीएकडे किंवा अभियांत्रिकीकडे वळली, तर कुठल्या प्रकारच्या संस्थेत आहोत यावर लाखांचा फरक पडतो. आणि जिथं भरमसाट फी भरली, तिथून पहिल्या वर्षी बाहेर पडण्याची मुभा कागदावरच राहते. घरातलं कुणी तिला बाहेर पडू देत नाही.

तुम्ही सांगितलंय तेवढ्यावरून माझं मत देतो. सांगलीत कला आणि विज्ञान एकाच आवारात असलेलं अनुदानित कॉलेज असेल, तिथं संख्याशास्त्र मेजर आणि अर्थशास्त्र मायनर वेळापत्रकात खरोखर बसत असेल, आणि विभागात दोन तरी पूर्णवेळ प्राध्यापक असतील, तर तेच घ्या. घरून जाणं-येणं, हिशेब, अभ्यास, सगळं जमेल, आणि एमएस्सीला कोल्हापूर किंवा पुणे उघडंच आहे. तिथं मायनर फक्त गणिताचाच मिळत असेल तर साताऱ्याला जाऊन या, वसतिगृहाची चौकशी करा, आणि वर सांगितलेला तो तिन्ही कॉलेजांतल्या तासांचा प्रश्न विचारा. पुण्याजवळच्या विद्यापीठाचा विचार तिसरा, आणि तोही पदवीचं नाव साधं असेल, फी कर्जाशिवाय झेपत असेल आणि दुसऱ्या वर्षातल्या निदान दोन मुलींशी समुपदेशक जवळ नसताना बोलता आलं, तरच.

सांगलीला जाल तेव्हा सकाळी अकराच्या सुमाराला जा, मुलीला बरोबर न्या, आणि विचारपूस तिलाच करू द्या. दुपारी चारनंतर विभागात कुणी सापडत नाही.